दक्षिण समुद्राचं धुवण

साताऱ्याला समुद्र नाही. तरी आमच्या कॉलेजच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या लांबट खोलीत, अधूनमधून दक्षिण महासागराचं पाणी येतं. थर्मोकोलच्या पेटीत, बोटाएवढ्या काचेच्या बंद नळ्यांत, कापसात गुंडाळलेलं. गेल्या खेपेची पेटी गोव्याच्या समुद्रसंशोधन संस्थेतून निघाली आणि ट्रॅव्हल्सवाल्यानं ती उंब्रजलाच उतरवून दिली. माझ्याकडे पीएच.डी. करणाऱ्या मुलीचं गाव तिथून जवळ. तिचे वडील फौजेतून निवृत्त होऊन ऊस करतात. त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून, पेटी मांडीवर घेऊन ती साताऱ्यापर्यंत आली. वाटेत चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, "मासळी का काय?"

"न्हाई, पानी हाय," वडील म्हणाले. "अंटार्क्टिकाकडचं."

"आन ते कशाला?"

"मोजायला."

"मग आमच्या बोअरचं मोजा की आदी. पिवळं येतंय लय."

हे मला तिनंच हसत सांगितलं. मी हसलो, पण कमी. पेटी आल्याचा आनंद मला होतो, खरा होतो, पण त्या वर्षी मनात दुसरंही काही होतं.

आम्ही मोजतो काय, ते आधी सांगतो. समुद्राचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यात कधीकाळी जिवंत असलेल्या गोष्टींचा अंश विरघळलेला असतो. शेवाळं, मासे, सूक्ष्म जीव, सगळ्यांची राख म्हणा किंवा रस्सा म्हणा. गाळणीतून निघून जातो, डोळ्याला दिसत नाही. ध्रुवाकडच्या खोल समुद्रात तर तो इतका कमी असतो, की लिटरभर पाण्यात साखरेचे एक-दोन दाणे टाकावेत तेवढाच. पण समुद्रच एवढा मोठा, की तेवढ्या तेवढ्याची बेरीज केली तर हवेत जेवढा कार्बन आहे त्याच्या जवळपास जाते. तो वाढतोय की घटतोय, हे कळलं पाहिजे. म्हणून मोजायचं.

मोजण्याची रीत सोपी आहे आणि छळणारी आहे. पाण्यात आम्लाचा थेंब टाकायचा, शुद्ध वायूचे बुडबुडे सोडायचे, म्हणजे सोड्यासारखा जो कार्बन असतो तो उडून जातो. मग उरलेल्यातला अगदी थेंबभर यंत्राच्या लालभडक नळीत सोडायचा. आत सेंद्रिय जे काही असेल ते जळतं, त्याचा वायू होतो, आणि तो वायू यंत्र मोजतं. पडद्यावर एक छोटा डोंगर उठतो. डोंगर जेवढा, तेवढा कार्बन. छळ असा की सगळं जग कार्बनचं आहे. हाताला लावलेलं क्रीम, कुणी खोलीत सोललेलं संत्रं, डिझेलचा धूर, आपला श्वास. काचेची नळी आधी भट्टीत तापवून घ्यावी लागते, म्हणजे तिला चिकटलेलं सगळं जळून जातं. मग जे पाणी भरायचं त्याच पाण्यानं ती तीनदा विसळायची, विसळलेलं फेकायचं, आणि चौथ्यांदा भरायची. हे नियम मी त्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगितले होते. तिनं डोक्याला खोबरेल लावून यायचंही सोडलं. "आई म्हनती केसांचा झाडू झालाय," असं एकदा म्हणाली होती.

तर पेटीतल्या नळ्या तिनं मोजल्या. सावकाश, मधेमधे कोरं पाणी मोजून, यंत्र बरोबर चाललंय ना हे पाहत. शेवटचा डोंगर पडद्यावर उतरला तेव्हा मी शेजारच्या टेबलावर पेपर तपासत होतो. ती म्हणाली, "सर, खालचं कमी झालंय."

"कशापेक्षा?"

"तुमच्यापेक्षा."

म्हणजे माझ्या पहिल्या सफरीपेक्षा. त्याच भागातलं, तेवढ्याच खोलीचं पाणी मी तरुणपणी आणलं होतं. ते आकडे सगळ्या जगासाठी खुल्या असलेल्या संग्रहात आहेत, कुणीही उतरवून घेऊ शकतं. तिनं ते शेजारी मांडले होते. वरच्या पाण्याचे आकडे एकमेकांवर बसत होते. खालच्या पाण्याचे माझे आकडे वर, तिचे खाली, मधे स्वच्छ फट.

"आवं सर, बघा की! खोल पाण्यातला कार्बन हजारो वर्षं जुना असतो, तो हलत नाही, असं सगळ्या पुस्तकात. आन हा हललाय!"

उत्साहात आली की ती गावाकडचं बोलते. मी म्हणालो, "पुन्हा मोज." एवढंच. आणि पेपर तपासायला लागलो. फट कशामुळे आहे ते मला ठाऊक होतं.

मी खानापूर भागातला, सांगली जिल्ह्यातला. आमच्याकडं घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात असतो. सोनारांचं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, त्याला गलाई म्हणतात. त्यासाठी आमची माणसं देशभर पांगलेली आहेत. माझे वडील दक्षिणेत एका गावी दुकान चालवत, आता मोठा भाऊ चालवतो. सुट्टीत मी तिथं जायचो. दुकानात एक नियम देवासारखा पाळला जायचा. सोन्याला लागलेलं काहीही फेकायचं नाही. हात धुतलेलं पाणी पिंपात साठवायचं. झाडलेला केर पोत्यात. बसायचं गोणपाट फाटलं तरी फेकायचं नाही, ते जाळून त्याची राख धुवायची. धुवणात सोनं असतं, असं वडील म्हणायचे, आणि खरंच असायचं. मी एकदा पिंपाच्या ऐवजी मोरीत हात धुतले म्हणून वडिलांनी माझ्या पाठीत धपाटा घातला होता. हे सगळं माझ्या हाताला लागलं, डोक्याला लागण्याआधीच.

पहिल्या सफरीत मी सगळ्यात नवा होतो. जहाजावरून पोलादी दोरीला बांधलेला बाटल्यांचा गोल पिंजरा खाली सोडत. तो तासनतास खाली जाई, वर येताना ठरल्या खोलीवर एकेक बाटली बंद होई. पिंजरा डेकवर आला की आम्ही सगळे रांगेनं तोटीखाली आपापली भांडी धरायचो. प्राणवायूवाले आधी, मग कोण, मग कोण, आणि मी शेवटी. उन्हाळा होता, सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता, बोटं मात्र बधिर. सगळ्यात खालच्या बाटलीवर सगळ्यांचा डोळा. माझी पाळी येईपर्यंत तिच्यात पाणी उरायचं थोडं.

पहिल्याच वेळी तसं झालं. मी माझी काचेची बाटली एकदा विसळली आणि विसळलेलं पाणी फेकायला हात उचलला. उचलला आणि थांबला. समुद्राच्या तळाजवळचं पाणी! तीन-चार किलोमीटर वर ओढून आणलेलं. ते डेकवर ओतायचं? शेजारी काचेचं उघडं भांडं होतं, त्यात मी ते ओतून ठेवलं. दुसरं विसळणंही त्यातच. तिसरंही. मग बाटली भरायला घेतली तर तोटीतून पाणी संपलं, बाटली पाऊण. मी त्या भांड्यातलं धुवण उचललं आणि वर ओतून बाटली पूर्ण केली.

पहिल्या वेळी हात आपोआप गेला. पुढच्या वेळांना मी तो नेला, हे सांगायला हवं. मला नियम माहीत होता. धुवणात बाटलीच्या तोंडाचं, हातमोज्याचं, जहाजाच्या धुराचं काय काय उतरलेलं असणार, हेही माहीत होतं. आमच्या दुकानात धुवणात सोनं असायचं. इथं धुवणात घाण होती. इतकं साधं. पण बाटली अपुरी राहिली तर नोंदीच्या जागी कोरं सोडावं लागतं, आणि कोरं सोडणं मला जमेना. प्रत्येक ठिकाणी तळाच्या बाटलीला मी तेच केलं. वरच्या बाटल्यांना पाणी भरपूर असे, तिथं कधी गरज पडली नाही.

सफर संपली तेव्हा आमच्या गटप्रमुखांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की एवढ्या ठिकाणी याची एकही बाटली चुकली नाही. बाकी सगळ्यांच्या तक्त्यात मधेमधे भोकं होती, माझा तक्ता भरलेला. त्या कौतुकावर मला पुढची सफर मिळाली, मग गोव्याच्या संस्थेत नोकरी मिळाली. पुढं आकडे मोजून झाले तेव्हा तळाचे थोडे चढे आले. जगभरच्या प्रयोगशाळा खोल समुद्राचं एकसारखं पाणी बंद कुप्यांत मागवतात, यंत्र पडताळायला. त्याच्याशी ताडून पाहिलं की माझं जास्त आहे हे दिसायचं. मी म्हणालो, त्या भागातला फरक असेल. प्रमुखही म्हणाले, असेल. आणि आकडे संग्रहात गेले.

मी पुढं गोव्याची नोकरी सोडून साताऱ्यात शिकवायला आलो, एक जुनं यंत्र मिळवलं, संसार झाला, केस पिकले. दुःखी नव्हतो, उलट बरा होतो. सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला चालायला जायचं, यंत्र गरम करायचं, मुलांना शिकवायचं, संध्याकाळी बायकोबरोबर भाजी आणायची. मला जास्त बोलायची सवय नाही आणि घरच्यांनाही माझ्या न बोलण्याची सवय आहे. एवढं मात्र व्हायचं, की "तीनदा विसळा आणि फेकून द्या" हे वाक्य वर्गात म्हणताना मी फळ्याकडं तोंड करायचो.

मुलीनं तीन आठवडे घालून सगळं पुन्हा मोजलं. फट तशीच. त्याच आठवड्यात आमच्या गावची जत्रा होती, मी गावी गेलो. जत्रेला गलाईवाले देशभरातून येतात. गावाच्या रस्त्यावर सगळ्या राज्यांच्या नंबराच्या गाड्या उभ्या, आणि पारावर बसलेली माणसं फोनवर कुणी तमिळ, कुणी बंगाली बोलतायत. भाऊ आला होता. जेवणं व्हायची होती, आम्ही दोघं मळ्यातल्या विहिरीच्या कडेला बसलो. मी म्हणालो, "दादा, एक सांगायचं हाय."

"बोल की. बायकूशी भांडलास व्हय?"

मी सांगितलं. सगळं. जहाज, बाटली, भांडं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला सांगत होतो. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजे धुवण परत वतलंस."

"व्हय."

"आरं मग चांगलंच केलंस की! टाकायचं व्हतं व्हय?"

"दादा, तिथं टाकायचं असतंय."

"बरं, आसंल. कुनाचं नुकसान झालं? समुद्राचं?"

"एक पोरगी हाय माझ्याकडं. ती त्या आकड्यांवर निबंध लिवतीय. समुद्र बदलला म्हनून."

"तिला कळंल?"

"मी सांगितल्याबिगर न्हाई कळायचं."

"मंग?" तो उठून धोतराची माती झटकत म्हणाला. "आमच्यात सोन्याचा टंच दोन पाइंट हिकडं-तिकडं हुतोच. सोनं घेनारा बी जगतो आन देनारा बी. बारक्या, तू लहानपनापास्नं असाच. खुडूक कोंबडीवानी एकाच आंड्यावर बसतुयास. चल, रस्सा गार हुतोय."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. भाऊ मोठा, जग बघितलेला माणूस, तो म्हणतोय राहू दे. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. वहिनी म्हणाली, "आज भावजींचा चेहरा उजळलाय." परत साताऱ्याला येताना एसटीत मला छान झोप लागली.

परत आलो तर मुलगी दारातच. आमच्या फ्रिजच्या तळाच्या खणात तिला माझ्या पहिल्या सफरीच्या जोड-नळ्या सापडल्या होत्या. प्रत्येक बाटलीतल्या पाण्याच्या आम्ही नंतर दोन नळ्या भरायचो, एक मोजायला, एक ठेवून द्यायला, सील करून. माझ्याबरोबर त्या गोव्याहून साताऱ्याला आल्या होत्या आणि मी त्या विसरलो होतो. विसरलो होतो असं म्हणतो.

"सर, ह्या मोजू का? आपल्याच यंत्रावर. म्हणजे कुणी म्हणायला नको, की तेव्हाचं यंत्र वेगळं होतं."

विचार तिचा बरोबर होता. चांगल्या विद्यार्थ्यानं हेच विचारलं पाहिजे. नाही म्हणायला माझ्याकडं कारण नव्हतं, होतं ते एकच होतं. मी म्हणालो, "मोज."

तिनं नळ्या फोडल्या. मी बाजूला उभा राहिलो. पहिला डोंगर उठला, दुसरा उठला. तळाच्या पाण्याचे सगळे डोंगर उंच आले, अगदी संग्रहातल्या आकड्यांएवढे. येणारच होते. नळीत तेच पाणी होतं, माझ्या धुवणासकट. यंत्र जे आहे ते जाळतं आणि मोजतं, ते कुठून आलं हे त्याला कळत नाही. माझी चूक नुसती टिकली नव्हती, आता तिचा पुरावा तयार झाला होता, आणि तो एका प्रामाणिक मुलीनं काळजीपूर्वक तयार केला होता.

तिनं तिथूनच वडिलांना फोन लावला, स्पीकरवर. "आप्पा, सिद्ध झालं!"

"काय झालं गं?"

"समुद्र बदललाय!"

"बरं झालं का वाईट?"

"ते नंतर सांगते. गोव्याच्या परिषदेला मी हेच मांडणार. सर पण हायत इथं."

"सर, नमस्कार," फोनमधून आवाज आला. "पोरीचं कल्यान केलंत बघा. पेढं घिऊन येतो."

फोन बंद झाला. ती यंत्राची नळी स्वच्छ करायला वळली, काहीतरी गुणगुणत. मी म्हणालो, "ते राहू दे. बस जरा."

"का सर?"

"माझे खालचे आकडे चुकीचे आहेत."

ती हसली. "आत्ता तर जुळले की."

"जुळले म्हणूनच सांगतोय. नळीतलं पाणीच खराब आहे. मी विसळलेलं पाणी परत ओतायचो."

तिला पहिल्यांदा कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, अथपासून. पिंपातलं धुवण, रांगेत शेवटचा नंबर, उघडं भांडं. तळाच्या प्रत्येक बाटलीला. हात गेला आणि मग मी नेला, तेही. खांद्यावरच्या हाताचंही. बोलताना मी फळ्याकडं बघितलं नाही. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि तो मी पाहिला.

तिनं पडद्यावरचे डोंगर पुन्हा एकदा पाहिले. मग ती म्हणाली, "म्हणजे समुद्र बदललेला नाही."

"नाही. निदान आपल्याला तसं दिसलेलं नाही."

"आणि तुम्हाला हे मी पहिल्या दिवशी दाखवलं तेव्हाच माहीत होतं."

"हो."

"मग मला महिनाभर का नाचू दिलं?"

जुन्या चुकीबद्दल ती काही म्हणेल अशी माझी तयारी होती. तरुण होतात, थंडी होती, पाणी कमी होतं, असं कुणीही म्हणालं असतं, बहुधा माफही केलं असतं. हा महिना मात्र आत्ताचा होता, चष्म्यातल्या, पिकल्या केसांच्या माणसाचा. मी म्हणालो, "घाबरलो होतो."

"कुणाला?"

"तुलाच."

ती उठली, ओढणी सारखी केली, डबा पिशवीत टाकला. दारात थांबून म्हणाली, "पेढं आता तुमीच खावा." आणि गेली.

त्यानंतर काही दिवस ती आली नाही. यंत्र मीच गरम केलं आणि मीच बंद केलं. घरी बायकोला सांगितलं. ती भेंडी चिरत होती, चिरायची थांबली नाही. म्हणाली, "एवढंच होतं का? मला वाटायचं गोव्यात कुणी होती." मग थोड्या वेळानं म्हणाली, "त्या मुलीला आपणहून फोन करू नका. तिला रागवू दे नीट." मी फोन केला नाही. त्याऐवजी जुन्या गटप्रमुखांना केला. ते आता निवृत्त आहेत, कमी ऐकू येतं. मला सगळं मोठ्यानं ओरडून सांगावं लागलं, माझ्या कबुलीचा निम्मा भाग शेजाऱ्यांनीही ऐकला असणार. ते म्हणाले, "सगळ्याच्या सगळ्या बाटल्या भरलेल्या म्हटल्यावर शंका यायला हवी होती ती मला. मला भरलेला तक्ता आवडला." मग हवापाण्याचं विचारून फोन ठेवला.

ती आली ती एका सोमवारी. पेढ्यांची पुडी माझ्या टेबलावर ठेवली. "आप्पांनी आणलेच. परत न्यायला तयार नाहीत." आणि खुर्ची ओढून कामाला बसली, जणू मधे काही झालं नाही. म्हणजे झालं होतं. पूर्वी ती मला विचारून करायची, आता करून सांगू लागली.

"संग्रहवाल्यांना पत्र लिहायचं. तुमच्या तळाच्या सगळ्या नोंदी मागं घ्यायच्या, कारणासकट. वरच्या ठेवायच्या. बरोबर?"

"बरोबर."

"कारणात काय लिहू? 'नमुना दूषित' लिहू का नुसतं?"

"जे झालं ते लिही. विसळलेलं पाणी मिसळलं, असं."

"कुणी?"

"मी."

तिनं ते लिहिलं, वाचून दाखवलं, मी सही केली. मग ती म्हणाली, "आता माझ्या हातात काय राहिलं ते बघू." आम्ही बघायला लागलो. तिच्या स्वतःच्या नळ्या चोख होत्या. पडताळणीच्या कुप्यांशी त्या जुळत होत्या. दुसऱ्या दोन देशांच्या जहाजांनी त्याच भागातून जुन्या काळी आणलेले आकडे संग्रहात होते, ते माझ्या भरलेल्या तक्त्यापुढं कुणी फारसे पाहिले नव्हते, कारण त्यांत भोकं जास्त. तिनं ते मांडले. भोकं भोकांच्या जागी, आणि जे होते ते तिच्या आकड्यांच्या रांगेत जाऊन बसले. सरळ रेघ.

"म्हणजे खालचा कार्बन हलला नाही," ती म्हणाली. "पुस्तकात होतं तेच."

"हो."

"आप्पा म्हणतील, मग एवढी वर्षं काय केलंस?"

"काय सांगशील?"

"सांगीन, सरांचं निस्तरलं." असं म्हणून ती हसली. त्या दिवसानंतरचं पहिलं हसू. मीही हसलो, आणि ह्या खेपेला पुरतं.

गोव्याच्या परिषदेत तिला दुपारच्या जेवणानंतरची वेळ मिळाली. निम्मी माणसं डुलत होती. तिनं सरळ रेघ दाखवली. मग म्हणाली, ह्या भागातला एक जुना संच मी वापरलेला नाही, तो का मागं घेतला ते संग्रहात लिहिलेलं आहे, आणि नळ्या भरणारे इथं बसले आहेत, काही विचारायचं असेल तर त्यांना विचारा. डुलणारी काही डोकी वर झाली. मी हात वर केला, कोण ते दिसावं म्हणून. एकानं विचारलं, किती पाणी परत ओतायचात? मी हातानं दाखवलं, इतकं. दुसऱ्यानं विचारलं, वरच्या नोंदी नक्की ठीक आहेत का? मी म्हणालो, ठीक आहेत, तिथं पाणी भरपूर होतं. त्यांनी लिहून घेतलं. तेवढंच. इतकी वर्षं ज्याची मला धास्ती होती ते घडायला चहा गार होण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही.

संध्याकाळी आम्ही समुद्रकाठच्या खानावळीत जेवायला गेलो. तिनं सुरमई मागवली. तिला पुढच्या सफरीला घेतलं होतं, ते तिनं तिथंच सांगितलं, माशाचे काटे काढताना.

"रांगेत कितवी उभी राहशील?" मी विचारलं.

"शेवटचीच असणार. नवी ना मी."

"तळाच्या बाटलीत पाणी उरत नाही शेवटच्याला."

"ठावं हाय." तिनं काटा बाजूला ठेवला. "उरलं न्हाई तर रकाना कोरा सोडीन. तुमी बघून रागवायचं न्हाई."

"नाही रागवणार."

"आन गटप्रमुख रागावले तर त्यांना तुमचा नंबर देणार हाय."

"दे," मी म्हणालो, आणि सोलकढीचा दुसरा पेला मागवला.